परमुलखांतील संसार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत काय बोलावें हें वक्त्यासाठीं बहुधा आधींच ठरलेलें असतें. पहिले फादर कोण आले, देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आणली, शाळा कोणत्या सालीं उभी राहिली. मग हयात असलेल्यांचे आभार आणि दिवंगतांसाठीं प्रार्थना. ही सर्व हकीकत स्मरणिकेंत यावयाची आहे व ती परिश्रमानें गोळा करणाऱ्या तरुणांचा मी ऋणी आहें. परंतु तिचा खर्डा वाचतांना एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. त्यांत धर्मगुरूंचीं नांवें आहेत, सिस्टरांचीं आहेत, देणगी देणाऱ्यांचींहि आहेत. पण घर असें एकहि नाहीं. जणूं आपला धर्म ह्या वऱ्हाडांत केवळ पाद्र्याच्या झग्याच्या खिशांतून आला!

म्हणून आज मी घरांविषयीं बोलणार आहें. आणि तेंहि अशा घरांविषयीं, कीं जीं प्रभूच्या कार्यासाठीं स्वदेश सोडून परक्या मुलखांत मांडलीं गेलीं. मी स्वतः संसारी नव्हे. सेमिनरींत आम्हांला तत्त्वज्ञान, ईश्वरविद्या व ख्रिस्तसभेचा इतिहास शिकविला. पण तापानें फणफणलेलें मूल कडेवर घेऊन भाकरी कशी थापावी हें कोणीं शिकविलें नाहीं. तेव्हां ह्या विषयांत माझ्यापेक्षां समोर बसलेल्या आयाबहिणींचा अधिकार मोठा. मी वाचलेलें व ऐकलेलें तेवढें सांगतों. शेवटीं मला आपणांजवळ कांहीं मागावयाचें आहे, हेंहि आतांच सांगून ठेवितों. नाहींतर फादरांनीं गोष्टी सांगतां सांगतां फसविलें असें कोणी म्हणेल.

आरंभ पवित्र शास्त्रापासून करूं. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ ह्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायांत अक्विला व प्रिस्किल्ला ह्या नवराबायकोची गांठ पडते. अक्विला हा मूळचा काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील पंत प्रांताचा. रोमला येऊन राहिलेला. क्लौद्य बादशहानें यहुदी लोकांना रोम सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हां, म्हणजे सुमारें इसवी सन ४९ मध्यें, तीं दोघें चंबूगबाळें आवरून करिंथास आलीं. धंदा तंबू करण्याचा. संत पौलाचाहि धंदा तोच. म्हणून तो त्यांच्या घरीं उतरला, त्यांच्याबरोबर शिवत बसला व शब्बाथ दिवशीं सभास्थानांत बोलूं लागला. पुढें तीं इफिसास गेलीं. तेथें अपुल्लोस नांवाच्या विद्वान् वक्त्याला आपल्याजवळ बोलावून त्यांनीं प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. पुढें पुन्हा रोमला. तीन शहरें, आणि प्रत्येक ठिकाणीं त्यांच्या घरीं मंडळी जमत असे किंवा प्रेषिताला आसरा मिळत असे.

नव्या करारांत ह्या जोडप्याचा उल्लेख सहा ठिकाणीं येतो, व त्यांपैकीं चार ठिकाणीं प्रिस्किल्लेचें नांव आधीं आहे. पंडित ह्याचीं नाना कारणें सांगतात. माझा साधा तर्क असा, कीं ज्या घरीं मंडळी जमे त्या घरांत पाहुण्यांना पहिल्यानें कोणाची हांक ऐकूं येत असेल, तिचेंच नांव आधीं ओठांवर बसलें असेल. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनीं ७ फेब्रुवारी २००७ रोजीं ह्या दांपत्यावरच आपलें बुधवारचें प्रवचन केलें, आणि ख्रिस्तसभेची वाढ केवळ प्रेषितांमुळें नव्हे तर अशा कुटुंबांच्या श्रद्धेमुळें झाली असें प्रतिपादन केलें. तें मला मोलाचें वाटतें.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे येऊं. येथें जीं कुटुंबें मी सांगणार आहें तीं आपल्या ख्रिस्तसभेचीं नव्हत. प्रॉटेस्टंट मंडळींचीं होत. आमच्या आजोबांच्या काळीं अशा सभेंत त्यांचीं नांवें घेण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नसतें. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें १९६४ सालीं ख्रिस्ती ऐक्यावरील घोषणापत्रांत विभक्त बंधूंमध्यें जें जें खरोखर ख्रिस्ताचें आहे तें तें आनंदानें मान्य करण्यास आपणांस शिकविलें आहे. त्या शिकवणीस धरूनच मी बोलतों.

अमेरिकेहून हिंदुस्थानाकडे निघालेल्या पहिल्या मिशनऱ्यांमध्यें सॅम्युएल न्यूएल व त्यांची पत्नी हॅरिएट हीं दोघें होतीं. १८१२ च्या फेब्रुवारींत जहाज सुटलें तेव्हां हॅरिएट अठरा वर्षांची होती; आपल्याकडे बारावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींएवढी. कलकत्त्यास पोहोंचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनें त्यांना राहूं दिलें नाहीं. कंपनीला व्यापार पाहिजे होता, पाद्री नको होते. तीं मॉरिशस बेटाकडे निघालीं. वाटेंत जहाजावरच हॅरिएटला मुलगी झाली. ती पांच दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं मॉरिशसमध्यें हॅरिएटहि गेली. वय एकोणीस. ज्या लोकांसाठीं तिनें आईचें घर सोडलें त्यांच्यामध्यें तिला स्वतःचें घर मांडतांच आलें नाहीं. न्यूएल पुढें एकटे मुंबईस आले, आणि १८२१ सालीं पटकीला बळी पडले.

त्यांचे सोबती गॉर्डन हॉल हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले. महाराष्ट्रांतील अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तोच. १८१६ मध्यें त्यांनीं मुंबईंतच राहणाऱ्या मार्गारेट लुइस नांवाच्या इंग्रज बाईशीं विवाह केला. हॉलसाहेबांचीं चरित्रें लिहिणारे त्यांच्या मराठीचें, त्यांच्या प्रवचनांचें, नव्या कराराच्या भाषांतरांतील त्यांच्या श्रमांचें वर्णन करितात. आणि तें यथार्थ आहे, कारण बाजारांत उभें राहून मराठींत बोलणें हा त्यांचा नित्यक्रम होता. परंतु त्यांच्या संसाराचा शेवट कसा झाला तो मला अधिक बोलका वाटतो.

१८२५ सालीं मुलांच्या प्रकृतीला येथील हवा मानवेना म्हणून मार्गारेटबाई दोघां मुलांना घेऊन अमेरिकेच्या जहाजावर चढल्या. ज्या देशांत त्या जात होत्या तो त्यांचा नव्हे, नवऱ्याचा. हॉलसाहेब कामासाठीं मागें राहिले. प्रवासांत दोघांपैकीं एक मुलगा वारला व समुद्रांतच त्याला निरोप द्यावा लागला. इकडे १८२६ च्या मार्चमध्यें हॉलसाहेब नाशिकास गेले. तेथें पटकीची साथ चालू होती. जवळचें बहुतेक औषध त्यांनीं रोग्यांना वाटून टाकलें. परततांना दोडी-दापूर गांवीं त्यांना स्वतःलाच पटकीनें गांठलें. एका देवळाच्या ओसरीवर त्यांना निजविलें होतें. जवळ बरोबरचीं दोन तरुण ख्रिस्ती पोरें तेवढीं होतीं. २० मार्च १८२६ रोजीं त्यांनीं प्राण सोडला. त्या काळीं मुंबईचें पत्र अमेरिकेस पोहोंचावयाला चार-पांच महिने लागत. म्हणजे इतके दिवस ती माउली तिकडे नवऱ्याला पत्रें लिहीत असेल, धाकट्याची प्रकृति कळवीत असेल, आणि पत्र वाचणारा मातींत गेलेला. ज्या देवळाच्या ओसरीनें त्या परक्या माणसाला अखेरचा आसरा दिला, त्या गांवच्या हिंदु लोकांचेंहि मला येथें कृतज्ञतेनें स्मरण होतें.

स्कॉटलंडचे जॉन विल्सन, ज्यांच्या नांवाचें कॉलेज मुंबईस आहे, हे आपल्या पत्नीसह १८२९ मध्यें आले. तीं दोघें प्रथम कोंकणांत हर्णै येथें मराठी शिकण्यास जाऊन राहिलीं. मार्गारेट विल्सन ह्यांनीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हां मुलीला अक्षर शिकविणें म्हणजे तिच्या कपाळीं वैधव्य लिहिणें असें समजणारे लोक होते. शाळा चालवावयाची, भाषा शिकावयाची, बाळंतपणें सोसावयाचीं. सहा वर्षांत शरीर थकलें. १९ एप्रिल १८३५ रोजीं त्या मुंबईंतच वारल्या. पुढें त्यांच्या दोन बहिणी, अ‍ॅना व हे, त्यांचें काम चालविण्यास स्कॉटलंडहून आल्या. बहिणीच्या मृत्यूची बातमी ऐकून ज्या घरानें आणखी दोन मुली त्याच वाटेनें पाठविल्या, त्या घरच्या लोकांचें मन कसें असेल ह्याचा विचार आईबापांनीं करावा. मी केला, तेव्हां मला एखाद्या तरुणाच्या आईजवळ ‘तुमचा मुलगा सेमिनरीला द्या’ म्हणण्याची थोडी लाज वाटूं लागली. आपण तें फार सहज म्हणतों.

मुंबई झाली, आतां आपल्या दारांत येऊं. अकोल्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मिशनऱ्यांचें ठाणें पडलें, व पुढें तें ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ह्या संस्थेचें वऱ्हाडांतील मुख्य ठिकाण झालें. तेथें मार्क फुलर व त्यांची पत्नी जेनी फुलर हीं राहत. जेनीबाईंचा जन्म १८५१ चा, मृत्यु १९०० चा. त्यांच्यामागें निघालेल्या चरित्रग्रंथाच्या मथळ्यांतच त्यांना ‘अकोला व मुंबई येथील’ असें म्हटलें आहे. ओहायोच्या बाजूची बाई, आणि नांवापुढें अकोला!

वऱ्हाडाचा व अमेरिकेचा संबंध त्याआधींहि जडला होता, तो कापसानें. १८६१ ते १८६५ ह्या काळांत तिकडे यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि आपल्या काळ्या जमिनींतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी आली, जिनिंगचे कारखाने आले, अमरावती-अकोल्याचे बाजार गजबजले. तथापि परक्या कुटुंबाला राहावयास हा मुलूख सोपा नव्हता. पूर्णेच्या कांठचा खारपाणपट्टा आपणां सर्वांना ठाऊक आहे. विहीर खणावी तों पाणी खारट; डाळ शिजत नाहीं, साबणाला फेंस येत नाहीं. वैशाखांत अकोल्याचें ऊन म्हणजे काय हें मी आपणांस सांगावें असें नाहीं. पंखे नव्हते असें नव्हे, पण ते दोरीनें ओढावे लागत व ओढणाऱ्यालाहि झोंप येई. पावसाळ्यांत काळी माती पायाला धरून ठेवी, बैलगाडी आंसापर्यंत रुते, आणि मग चार मैलांवरचें खेडें चाळीस मैलांवर जाई.

अशा मिशनबंगल्यांतील दिवस कसा जात असे? ऊन चढण्यापूर्वीं प्रार्थना. मग ओसरीवर रोगी: कोणाचे डोळे आलेले, कोणाला हिंवताप, कोणाच्या पायाला नारू. क्विनीन, मलम, स्वच्छ फडकें, आणि दोन शब्द. मग शाळा, मग दुपारीं पंडितापाशीं भाषेचा धडा, मग आपल्याच मुलांचा अभ्यास, कारण त्यांची शाळा आई हीच. संध्याकाळीं मोहल्ल्यांत बायकांकडे. हिंवाळ्यांत तंबू घेऊन खेडोपाडीं. ह्या सर्वांत नवऱ्याच्या नांवावर प्रवचन लिहिलें जाई आणि बायकोच्या नांवावर कांहींच नाहीं. कारण औषध, शाळा, पाहुणे, हिशेब ह्यांना मिशनच्या अहवालांत एक ओळ पुरे होते.

भाषेची एक गंमत आहे. हीं मंडळी पुण्याकडची पुस्तकी मराठी शिकून येत. येथें बाजारांत गेल्यावर बाई ‘मले, तुले’ म्हणे, ‘काहून’ म्हणे, आणि साहेबांच्या शुद्ध व्याकरणाला तोंड उघडावयास जागा राहत नसे. ती खरी वऱ्हाडी भाषा आधीं कोणाला येई? बंगल्यांतील मुलांना. आयेच्या मांडीवर, स्वयंपाक्याच्या पोरांबरोबर खेळतांना तीं ती उचलीत. सेमिनरीचें शिक्षण घेऊन आलेल्या ह्या धर्मगुरूलाहि वऱ्हाडी नीट शिकविली ती मिस्सासेवक मुलांनींच, हें येथें कबूल करावयास हरकत नाहीं.

पण तींच मुलें सहा-आठ वर्षांचीं झालीं कीं निरोपाची वेळ येई. बहुतेक मिशनरी कुटुंबांत मुलांना शिक्षणासाठीं व हवेसाठीं स्वदेशीं किंवा डोंगरावर धाडीत. १९०१ मध्यें कोडाइकनाल येथें अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा निघाली. त्याआधीं बहुधा समुद्रापारच पाठवावें लागे. आठ वर्षांचें मूल पाठवावें आणि तें पंधरा वर्षांचें होऊन दिसावें. त्या मुलांपैकीं कित्येकांनीं मोठेपणीं लिहून ठेविलें आहे, कीं आईबापांनीं परक्यांच्या लेंकरांना जवळ केलें व आम्हांला दूर लोटलें. हें ऐकून मिशनकार्याचा अभिमान बाळगणाऱ्यानें रागावूं नये. त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. धर्मगुरूला विचारतात, सिस्टरला विचारतात, ‘जातां का?’ म्हणून, बायकोला क्वचित् विचारतात, मुलांना कधींच नाहीं.

जेनी फुलर ह्यांनीं हिंदी स्त्रियांवरील अन्यायांविषयीं एक इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १९०० सालीं प्रसिद्ध झाला, व त्याला पंडिता रमाबाईंनीं प्रस्तावना लिहिली. बालविवाह, विधवांची दुर्दशा, पडदा हे त्याचे विषय. त्यांतील कळकळ खरी आहे. तरी मला प्रामाणिकपणें असें वाटतें, कीं परदेशी लेखणी आपल्या घरांतील अंधार जितका रेखते तितका उजेड रेखीत नाहीं. आणि आपल्याहि समाजांत, अगदीं ख्रिस्ती म्हणविणाऱ्या घरांतहि, सुनेची काय अवस्था असते हें त्या ग्रंथाला शंभरावर वर्षें लोटलीं तरी मला कार्यालयांत बसून ऐकावें लागतें. म्हणून त्या पुस्तकावर रुसण्याचा हक्क आपण अजून मिळविलेला नाहीं. ज्या सालीं तें प्रसिद्ध झालें त्या सालीं वऱ्हाडांत छप्पन्नाचा भयंकर दुष्काळ होता, आणि त्याच सालीं जेनीबाई निवर्तल्या.

आतां कोणी विचारील, फादर, हे सारे प्रॉटेस्टंट झाले. आपल्या कॅथोलिकांचें काय? आपले मिशनरी कुटुंब घेऊन आले नाहींत. कुटुंब सोडून आले. संत फ्रान्सिस दी सेल्स ह्यांच्या नांवाच्या संघाचे फादर सव्हॉय प्रांतांतील अ‍ॅनसी गांवाहून १८४६ मध्यें विशाखापट्टणास पोहोंचले. तेथून काम नागपुरापर्यंत आलें. १८८७ सालीं नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि ८ मे १९५५ रोजीं त्यांतून आपला अमरावती धर्मप्रांत निघाला. ह्या फादरांपैकीं अनेकांनीं गांव सोडलें तें कायमचें. डोंगरांतल्या शेतकऱ्यांचीं हीं मुलें. त्यांच्या वाट्याचें काम तिकडे म्हाताऱ्या बापानें केलें असेल, धाकट्या बहिणीनें गाई राखल्या असतील.

आणि त्यांच्या पोटाची सोय कोणीं केली? १८२२ सालीं फ्रान्समध्यें ल्यों शहरांत पोलिन जारिको नांवाच्या एका अविवाहित तरुणीच्या खटपटीनें धर्मप्रसार संस्था निघाली. योजना अगदीं साधी. दहा माणसांचा एक गट. प्रत्येकानें आठवड्याला एक सू, म्हणजे आपल्याकडचा पैसा-ढबू म्हणा ना, बाजूला ठेवावयाचा व मिशनांसाठीं प्रार्थना करावयाची. देणारे बहुतेक रेशमाच्या गिरण्यांतील मजूर व गरीब कुटुंबें. त्या एकेका सूवर जगभरचीं कॅथोलिक मिशनें पोसलीं गेलीं. ह्या पोलिनबाईंना २२ मे २०२२ रोजीं धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें. रविवारीं थाळी फिरते तेव्हां खिशांतली फाटकी नोट शोधणाऱ्यांनीं त्या ल्योंच्या विणकरणींचें स्मरण करावें, एवढेंच म्हणतों.

शिवाय आपणांस विसरतां न येण्यासारखीं अशीं दुसरीं घरें आहेत. आगगाडी १८६७ त नागपुरास पोहोंचली. तिच्याबरोबर गार्ड, ड्रायव्हर, फिटर, तारमास्तर आले. कोणी गोव्याकडचे, कोणी मद्रासेकडचे, कोणी अँग्लो-इंडियन. रेल्वेच्या क्वार्टरांत भिंतीवर पवित्र मरियेची तसबीर, खालीं मेणबत्ती, संध्याकाळीं रोझरी. फादर दुरून महिन्या-दोन महिन्यांनीं येत, आणि कोणाच्या तरी पडवींत मिस्सा होई. ह्यांना कोणी मिशनरी म्हटलें नाहीं. त्यांनीं स्वतःलाहि म्हणविलें नाहीं. बदली झाली कीं तसबीर कपड्यांत गुंडाळून पुढच्या स्टेशनला.

आतां एक उलट प्रवास सांगतों. आपल्याकडून बाहेर गेलेल्याचा. वसईचा संत गोन्सालो गार्सिया जपानांत व्यापार करून तेथील भाषा शिकला, मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाला, आणि १५९३ मध्यें दुभाषा म्हणून पुन्हा जपानांत गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर मारण्यांत आलें, त्यांत तो होता. १८६२ सालीं सर्वांना संतपद मिळालें. हें आपणांस ठाऊक आहे. परंतु त्या सव्वीसांत मिखाएल कोझाकी नांवाचा एक धनुष्यें करणारा कारागीर व त्याचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा थॉमस हे बापलेक होते, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. क्योतोहून नागासाकीपर्यंत ऐन थंडींत चालवीत नेतांना वाटेंत त्या मुलानें आईला पत्र लिहिलें. माझी व बाबांची काळजी करूं नको, धाकट्या भावांना सांभाळ व त्यांचा विश्वास राख, असा त्याचा आशय. पत्र पाठवितां आलें नाहीं. तें बापाच्या प्रेताजवळ सांपडलें.

पुढें जपानांत ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली. धर्मगुरु एकहि उरला नाहीं. सुमारें अडीचशें वर्षें! आणि १७ मार्च १८६५ रोजीं नागासाकी येथील नव्या देवळांत फादर पतिजां ह्यांच्याकडे कांहीं शेतकरी माणसें आलीं व त्यांतील एका बाईनें हळूच विचारलें, कीं पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे. घराघरांतून मुलांना बाप्तिस्मा देत, उपासाचे दिवस तोंडपाठ मोजीत, आजीनें नातवाला प्रार्थना शिकवीत, धर्म तेथवर येऊन पोहोंचला होता. आमच्यासारखे झगेवाले नसतांना.

तर आतां माझें मागणें. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दींत, मेळघाटाच्या पायथ्याकडे, दोन खेडीं अशीं आहेत कीं जेथें आपलीं मोजकीं घरें आहेत. त्यांचीं नांवें सभेंत घेत नाहीं, आपणांस समजतील. महिन्यांतून एकदां मी तेथें मिस्सा करितों. आजवर तेथें एका वृद्ध कॅटेकिस्टाचें घर सर्वांना उघडें होतें. त्यांच्याच्यानें आतां होत नाहीं. मुलांना प्रार्थना शिकविणारें, आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यांत पोहोंचविणारें, मयताच्या रात्रीं सोबत बसणारें घर तेथें राहिलें नाहीं. मला इमारत नको; पाट्या पुरे झाल्या. मला तेथें राहावयास जाणारें एक कुटुंब पाहिजे, निदान दोन वर्षांसाठीं.

कोणाला बाटविण्यासाठीं नव्हे. तसा संशय आजकाल सहज घेतला जातो, म्हणून स्पष्ट सांगतों. शेजारधर्मानें राहावें, आपली प्रार्थना आपल्या घरीं करावी, दार कोणासाठींहि लावूं नये, इतकेंच काम. घरभाडें धर्मग्राम देईल. नोकरी तालुक्याच्या गांवीं असेल त्याला जाण्यायेण्याला बस आहे, ती कधीं कधीं येत नाहीं. पाणी उन्हाळ्यांत लांबून आणावें लागतें. शाळा चौथीपर्यंत आहे. पुढच्या मुलांची सोय आपल्या वसतिगृहांत करतां येईल, पण मग तीं तुमच्यापासून दूर राहतील, आणि त्याचा अर्थ काय होतो तें मी आतांच सांगितलें आहे. ह्यांतलें कांहीं मी लपवीत नाहीं.

आपलीं मुलें पुण्यामुंबईस व आखाती देशांत पगारासाठीं जातात. त्यांना मी दोष देत नाहीं. धर्मग्रामाचा निम्मा खर्च त्यांच्याच पाकिटांतून चालतो. पण वीस कोसांवर जावयास कोणी मिळत नाहीं ही गोष्ट ज्युबिलीच्या वर्षीं मला बोचते.

पुढील दोन रविवारीं पहिल्या मिस्सानंतर मी कार्यालयांत बसेन. ज्यांच्या मनांत आलें असेल त्यांनीं यावें. नवऱ्यानें एकट्यानें येऊन होकार देऊं नये. तो मी घेणार नाहीं. दोघांनीं मिळून यावें, आणि मुलें कळत्या वयाचीं असतील तर त्यांनाहि बरोबर आणावें. जावयाचें त्यांनाहि आहे.